पाळणाघराची फी १ तारखेला भरावी लागते

प्रति,
मराठी प्रकाशक, जाहिरात आणि भाषांतर संस्था, डबिंग-सबटायटलिंगचे स्टुडिओ आणि बाहेरच्या माणसांकडून काम करून घेणारे सर्व जण,

सप्रेम नमस्कार.

मी पुण्यात राहते आणि घरून भाषांतर व संपादनाचं काम करते. नोकरी नाही, काम येईल तसं घेते. घरात दोन लहान मुलं आहेत. मुलगी बालवाडीत जाते, मुलगा दीड वर्षाचा आहे. तुमच्यापैकी काही जणांसाठी मी काम केलेलं आहे, पण हे पत्र माझ्या एकटीचं नाही. मुद्रितशोधन करणाऱ्या, चित्रं काढणाऱ्या, आवाज देणाऱ्या, सबटायटल लिहिणाऱ्या, व्हिडिओ एडिट करणाऱ्या आणि शेजारच्या खोलीत तान्हं किंवा रांगतं मूल असलेल्या कितीतरी जणींशी आणि काही जणांशी बोलून हे लिहिते आहे. तुम्ही आम्हाला मेल आयडी आणि फाइलच्या नावावरून ओळखता. आमचा दिवस कसा चालतो हे कळायची तुम्हाला कधी वेळच आलेली नसते, म्हणून ते सविस्तर सांगते.

आधी हिशोब मांडते. समजा, ६०,००० शब्दांचं एक इंग्रजी पुस्तक मराठीत आणायचं आहे. हात बसलेल्या भाषांतरकाराला सलग बसायला मिळालं तर दिवसाला २,००० शब्द नीट होतात. म्हणजे कामाचे ३० दिवस, आणि मग पुन्हा वाचून हात फिरवायला आणखी दहा-बारा. आता हेच काम रांगतं मूल घरात असताना करून बघा. मूल दुपारी दीड-दोन तास झोपतं. त्यातला पहिला पाऊण तास भरवलेलं आवरण्यात आणि स्वतः चार घास खाण्यात जातो. रात्री दहानंतर एखादा तास मिळतो, तोही डोळे मिटत असताना. अशा दिवसात ६०० शब्द झाले तर दिवस चांगला गेला म्हणायचं. म्हणजे तेच पुस्तक १०० दिवसांवर जातं. भाषांतरकार तोच, भाषा तीच, फक्त सलग बसायला मिळत नाही.

म्हणून पाळणाघर लागतं. आमच्या भागात दिवसभराच्या पाळणाघराला महिन्याला आठ-दहा हजार रुपये पडतात, डिपॉझिट वेगळं. फी १ तारखेला, आगाऊ. पावसाळ्यात हात-पाय-तोंडाच्या पुरळाची साथ येते. एका मुलाला झालं की आठवड्याभरात सगळ्या पाळणाघरात फिरतं. मग मूल आठ दिवस घरी, पण फी पूर्ण. संध्याकाळी ठरलेल्या वेळेला मुलाला न्यायला पोचलं नाही तर अर्ध्या तासाचे जादा पैसे. यात पाळणाघर चालवणाऱ्या काकूंचं काही चुकत नाही. त्यांनाही जागेचं भाडं आणि मदतीच्या मावशींचा पगार त्याच तारखेला द्यायचा असतो.

आता तुमच्याकडून येणाऱ्या पैशांकडे बघू. पुस्तकाच्या कामाला शब्दामागे रुपया धरला तर या पुस्तकाचे ६०,००० रुपये होतात. ते कधी मिळणार? ‘पुस्तक आल्यावर.’ पुस्तक कधी येणार ते मुखपृष्ठ, मुद्रितं, छापखाना, प्रकाशन समारंभाची तारीख अशा पंधरा गोष्टींवर ठरतं, आणि त्यातली एकही माझ्या हातात नसते. सहा महिने जातात, कधी वर्ष जातं. तोवर दोन महिन्यांच्या पाळणाघराचे सोळा ते वीस हजार मी माझ्या घरातून भरलेले असतात. तुमच्या पुस्तकात पहिली रक्कम तुमच्याआधी मी गुंतवते, आणि ती परत कधी मिळेल याची तारीखही मला कोणी देत नाही.

पाळणाघर सुटतं ते असं. एक बिल लांबतं, मग दुसरं. पहिल्या महिन्यात नवऱ्याच्या पगारातून फी भागते, दुसऱ्या महिन्यात साठवलेल्यातून. तिसऱ्या महिन्यात घरातलं कोणीतरी अगदी प्रेमाने म्हणतं, ‘एवढी ओढाताण कशाला, थोडे दिवस मुलांकडेच बघ.’ हिशोबाने ते बरोबरच असतं, कारण खर्च हातात दिसतो आणि कमाई नुसती मेलमध्ये दिसते. मग ती आई रात्री काम करायला लागते. पहाटे चारला उठते. काही महिन्यांनी कामं नाकारायला लागते. वर्षभराने तुमच्या यादीत तिच्या नावापुढे काहीच उरलेलं नसतं, आणि चांगली माणसं मिळत नाहीत म्हणून तुम्हीही हळहळता.

डोंबिवलीची माझी एक मैत्रीण जाहिरातींना आणि माहितीपटांना आवाज देते. तिचा स्टुडिओ म्हणजे बेडरूममधलं कपाट. कपाटाची दारं उघडी, आत हँगरला साड्या आणि चादरी, मध्ये माइक, आणि बोलताना डोक्यावरून गोधडी. मुलगा झोपला की ती आधी पंखा बंद करते, मग फ्रिज. खालून भंगारवाल्याची हाक येत असेल तर ती पुढच्या बिल्डिंगकडे जाईपर्यंत थांबते. चाळीस सेकंदांचा मजकूर असतो. तिसाव्या सेकंदाला शेजारच्या कुकरची शिट्टी झाली की पुन्हा पहिल्यापासून. ती घामाने निथळलेली असते, पण आवाजात ते येऊ द्यायचं नसतं. फाइल जाते. रात्री साडेनऊला मेसेज येतो, ‘क्लायंटला थोडा अजून गोड हवाय, आत्ता मिळेल का?’ तेव्हा मुलगा टक्क जागा असतो. नवरा त्याला कडेवर घेऊन जिन्यात उभा राहतो, आणि ती पुन्हा कपाटात शिरते. या दुसऱ्या वेळच्या कामाचे पैसे बिलात धरलेले नसतात. धरले तर पुढचं काम येईल की नाही याची तिला खात्री नसते. मूळ बिलाचे पैसे चार-चार महिने येत नाहीत. मागितले तर उत्तर येतं, ‘अकाउंट्सकडे पाठवलंय.’

हे वाचून तिच्याबद्दल हळहळ वाटावी अशी माझी अपेक्षा नाही. ती उत्तम काम करते आणि तिला ते आवडतं. मला एवढंच दाखवायचं आहे की ते ‘आत्ता मिळेल का’ आणि ते चार महिने या दोन गोष्टी तुमच्याकडून येतात, आणि त्या बदलणं तुमच्या हातात आहे.

‘घरूनच तर करता’ हे वाक्य आम्हाला सगळीकडे ऐकू येतं. तुमच्याकडून ऐकलं की जास्त लागतं, कारण त्यावर दर ठरतो. घरून काम करणाऱ्या बाईला भाडं नाही, प्रवास नाही, मुलं तर ती सांभाळतेच आहे, मग दर कमी चालेल, असा हिशोब कुठेतरी धरलेला असतो. २०२४ साली देशभर झालेल्या वेळ-वापर सर्वेक्षणात स्वतःच्या घरातलं बिनपगारी काम करणाऱ्या बायकांचा त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटं वेळ गेला, पुरुषांचा ८८ मिनिटं. घरातल्या माणसांची काळजी घेण्यात १५ ते ५९ वयाच्या ४१ टक्के बायका होत्या, आणि पुरुष २१.४ टक्के. या पावणेपाच तासांनंतर जो वेळ उरतो, त्यातला सगळ्यात ताजा भाग आम्ही तुमच्या कामाला देतो. घरून केलेलं काम स्वस्तात पडतं हे खरं नाही. त्याची किंमत घरातल्या दुसऱ्या कोणीतरी दिलेली असते. आजी गावाहून येऊन राहते, मोठी मुलगी लहान भावाला खेळवते, नवरा रजा टाकतो.

बाप असणारे मुक्त व्यावसायिकही आहेत. चिंचवडला राहणारे एक व्हिडिओ एडिटर सकाळचा सगळा वेळ मुलीसोबत असतात, कारण बायको शिफ्टला जाते. त्यांनी एकदा मीटिंग दुपारी घ्यायची विनंती केली, तर समोरच्याने ‘घरी कोणी बाई नाही का?’ असं विचारलं. त्यानंतर त्यांनी कारण सांगणंच सोडलं. आता ते ‘दुसरी मीटिंग आहे’ म्हणतात.

याच्या उलटही होतं, आणि ते मला जास्त गंभीर वाटतं. माझा मुलगा झाल्यावर एका संस्थेकडून काम येणं बंद झालं. पाच महिन्यांनी मी फोन केला तेव्हा समन्वयक बाई मनापासून म्हणाल्या, ‘अहो, तुम्ही बाळात असाल म्हणून आम्हीच त्रास दिला नाही.’ त्यांचा हेतू चांगलाच होता. पण मला विचारलं कोणी नव्हतं. त्या पाच महिन्यांतले शेवटचे दोन महिने सासूबाई आमच्याकडे होत्या, मी काम करू शकत होते आणि मला पैशांची गरज होती. बाळंतपणात काम द्यायचं की नाही हे तुम्ही काळजीपोटी परस्पर ठरवू नका. एक ओळीचा मेल पुरतो, ‘कधीपासून काम घेऊ शकाल?’ उत्तर आम्ही देऊ.

नोकरी करणाऱ्या बाईला या बाबतीत कायद्याचा थोडा तरी आधार आहे. १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्यात २०१७ साली दुरुस्ती झाली आणि पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा मिळाली. ५० किंवा त्याहून जास्त कर्मचारी असलेल्या आस्थापनेला पाळणाघराची सोय करणं बंधनकारक झालं, आणि दिवसातून चार वेळा आईला तिथे जाऊन येण्याची मुभा मिळाली. बिलावर काम करणाऱ्या बाईला यातलं काहीच लागू होत नाही. तुमच्या ऑफिसात पाळणाघर असलं तरी ते तुमच्या कर्मचाऱ्यांच्या मुलांसाठी. बाहेरून तुमचं तितकंच काम करणारीचं मूल तिच्या मांडीवर.

सरकारकडे मागण्यासारखंही पुष्कळ आहे. तेही आम्ही मागू. अंगणवाडीलाच पाळणाघर जोडण्याची केंद्राची ‘पाळणा’ योजना आहे, सहा महिने ते सहा वर्षांच्या मुलांसाठी, पण आमच्यासारख्या शहरी वस्त्यांमध्ये ती शोधूनही सापडत नाही. मला राहून राहून वाटतं की ही कल्पना महाराष्ट्राला नवी नाही. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केलं, आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर त्यांनी आणि त्यांच्या सहकारी अनुताई वाघांनी पाळणाघर, बालवाडी आणि शाळा एकाच ठिकाणी चालवून दाखवली. मोठं मूल शाळेत येऊ शकत नाही कारण त्याला धाकट्याला सांभाळायचं असतं, हे त्यांनी आदिवासी पाड्यांत बघितलं आणि धाकट्याचीही सोय केली. त्या कामाला आता किती दशकं झाली! पण ते पत्र मंत्रालयाला लिहायचं. त्याचं उत्तर यायला वेळ लागेल, आणि तोवर माझा मुलगा शाळेत जायला लागलेला असेल. तुम्हाला लिहिते आहे कारण तुमच्याकडचा भाग पुढच्या बिलापासून बदलू शकतो.

आणि त्यासाठी नवा कायदाही लागत नाही. २००६ चा सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांचा कायदा आहेच. सेवा देणारी एकटी व्यक्तीही त्याखाली ‘उद्यम’ पोर्टलवर नोंदणी करू शकते, आणि ही नोंदणी फुकट आहे. मी केली आहे. अशा नोंदणीकृत व्यक्तीचे पैसे देण्याची तारीख लेखी ठरलेली असली, तरी ती मुदत काम स्वीकारल्यापासून ४५ दिवसांपेक्षा जास्त असू शकत नाही. काही लेखी ठरलेलंच नसेल तर १५ दिवस. काम हातात आल्यावर १५ दिवसांत लेखी हरकत घेतली नाही तर ते दिल्याच्या दिवशीच स्वीकारलं असं कायदा धरतो. मुदत टळली तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, महिन्याच्या चक्रवाढीने व्याज द्यावं लागतं, आणि तक्रार अशा थकलेल्या पैशांचे वाद सोडवणाऱ्या राज्याच्या सुविधा परिषदेकडे नेता येते. सरकारी पोर्टलवर ती घरबसल्या दाखल होते. शिवाय २०२४-२५ या करनिर्धारण वर्षापासून आयकरातही तरतूद आहे. सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचे पैसे या मुदतीत दिले नाहीत, तर तो खर्च प्रत्यक्ष पैसे द्याल त्याच वर्षी वजावटीला धरता येतो. तुमच्या सीएंना हे सगळं नक्की माहीत असतं. आमच्यातल्या बहुतेकींना ते माहीत नसतं, आणि माहीत झालं तरी व्याज मागायची हिंमत होत नाही, कारण तिप्पट व्याज एकदा मिळेल आणि काम कायमचं जाईल. हे तुम्हालाही ठाऊक आहे. म्हणूनच पहिलं पाऊल तुमच्या बाजूने पडायला हवं.

तारखा पाळणं तुम्हाला जमत नाही असंही नाही. टीडीएस, म्हणजे आमच्या बिलातून कापलेला कर, एरवी पुढच्या महिन्याच्या ७ तारखेपर्यंत आणि मार्चचा एप्रिलअखेरपर्यंत भरला जातो. काही ठिकाणी तर मार्चअखेरीला आमचं बिल खर्चात चढतं, त्यावरचा टीडीएस जमा होतो, आयकर खात्याच्या नोंदीत आमच्या नावावर ते उत्पन्न दिसायला लागतं, आणि आमच्या खात्यात पैसे येतात जून-जुलैत. जूनमध्ये शाळा सुरू होतात. दप्तर, रेनकोट, गणवेश, बालवाडीचा पहिला हप्ता, सगळं एकदम येतं. त्या महिन्यात माझ्या नावावर कागदोपत्री उत्पन्न आहे आणि हातात नाही, हे मी घरात कोणाला समजावून सांगू?

छोट्या प्रकाशकांचं म्हणणं मला समजतं. मी त्यांच्यासोबत काम केलं आहे आणि पुढेही करायचं आहे. हजाराची, कधी पाचशेची आवृत्ती. वितरक पैसे अडकवतो. सार्वजनिक ग्रंथालयांचं अनुदान हप्त्या-हप्त्याने येतं, ते आल्याशिवाय ग्रंथालयं पुस्तकं घेत नाहीत, आणि विक्रीचा मोठा भाग वर्षअखेरीला ढकलला जातो. हे सगळं खरं आहे. तरीही कागदवाल्याला तुम्ही आगाऊ देता. छापखान्याला अर्धे आधी दिल्याशिवाय यंत्र सुरू होत नाही. भाषांतरकार आणि मुद्रितशोधक मात्र रांगेत शेवटी, कारण आम्ही काम अडवून धरत नाही. ज्यांच्याकडे एकरकमी द्यायला पैसे नाहीत त्यांनी तीन हप्ते करावेत. एक तृतीयांश काम सुरू करताना, एक तृतीयांश भाषांतर हातात आल्यावर, उरलेलं छपाईला गेल्यावर. पुस्तक वर्षभर रखडलं तरी मग माझ्या घरचं पाळणाघर रखडत नाही. पहिल्या हप्त्यात दोन महिन्यांची फी निघते, आणि तेवढ्यात पुस्तकाचा पहिला खर्डा होतो. मोठ्या जाहिरात संस्थांना आणि स्टुडिओंना मात्र ही अडचण सांगता येणार नाही. त्यांच्याकडे अकाउंट्सला स्वतंत्र माणसं आहेत, आणि क्लायंटकडून पैसे आले नाहीत हा प्रश्न त्यांच्यातला आणि क्लायंटमधला आहे.

डेडलाइनबद्दलही बोलायला हवं. शुक्रवारी संध्याकाळी सहाला फाइल येते, ‘अर्जंट, सोमवारी सकाळी हवंय.’ शनिवारी पाळणाघर अर्धा दिवस, रविवारी बंद. मग मुलांना घेऊन नवरा बागेत जातो, आजोबांकडे जातो, मॉलमध्ये नुसताच फिरतो, आणि मी काम संपवते. सोमवारी सकाळी फाइल पाठवते. गुरुवारी उत्तर येतं, ‘अजून बघितलं नाहीये.’ खरंच घाई असेल तर आम्ही रात्र जागवू. दिवाळी अंकांच्या दिवसांत ऑगस्ट ते ऑक्टोबर सगळेच जागतात, त्यात आमचाही उत्साह असतो. पण ‘अर्जंट’ हा प्रत्येक मेलचा मथळाच झाला तर आमच्या मुलांचे रविवार उगीच जातात. खरी तारीख सांगा. गुरुवारी बघणार असाल तर बुधवार मागा. मंगळवार-बुधवारी मूल पाळणाघरात असतं, डोकं ताजं असतं, आणि तुम्हाला काम चांगलं मिळतं.

आजारपणाचंही सांगून ठेवते. लहान मूल तापाने फणफणलं तर पाळणाघर घेत नाही आणि ते दुसऱ्या कोणाकडे राहतही नाही. दर दोन महिन्यांनी असे दोन-तीन दिवस येणार हे प्रत्येक आईला माहीत असतं. आमच्यातल्या बऱ्याच जणींनी जोड्या लावल्या आहेत. एकीचं मूल आजारी असेल तर दुसरी काम पुढे नेते. पण हे तुम्हाला सांगायला भीती वाटते, कारण ‘काम परस्पर दुसऱ्याला दिलं’ असं म्हटलं जाईल. आम्ही आधीच सांगून, तुमच्या संमतीने, त्याच दर्जाच्या माणसाकडे काम दिलं तर ते मान्य करा. नोकरीत माणूस रजेवर गेला की शेजारच्या टेबलावरचा माणूस काम बघतोच. आम्हाला ते शेजारचं टेबल स्वतः उभं करावं लागतं.

आणि फोन. दुपारी दीड ते साडेतीन या वेळात न कळवता फोन करू नका. ‘बोलता येईल का?’ असा मेसेज आधी टाका. एका फोनने झोपमोड झाली तर तुमचं दोन मिनिटांचं बोलणं होतं आणि आमचा त्या दिवसाचा कामाचा वेळ जातो. कधी मागून रडण्याचा आवाज आलाच तर ‘घरी शांतता असते ना?’ असं विचारू नका. काम कसं झालं आहे ते फाइल उघडून बघा.

तेव्हा विनंती अशी. काम देताना एक मेल पाठवा. त्यात कामाचं स्वरूप, शब्दसंख्या किंवा मिनिटं, दर, किती वेळा दुरुस्त्या करून द्यायच्या ते, खरी डेडलाइन आणि पैसे मिळण्याची तारीख लिहा. पैशांची तारीख ४५ दिवसांच्या आतली असू द्या. आठवड्याभरापेक्षा मोठ्या कामाला काही रक्कम आगाऊ द्या. काम अर्ध्यावर रद्द झालं तर झालेल्या भागाचे पैसे द्या, कारण त्या दिवसांची पाळणाघराची फी रद्द होत नाही. फाइल मिळाली की पंधरा दिवसांत काय ते सांगा. सहा महिन्यांनी ‘आता बघतोय’ असं कळवून त्या दिवसापासून पैशांची मुदत मोजू नका. आणि मूल झालेल्या माणसाचं नाव यादीतून काढण्यापूर्वी त्याला विचारा.

माझ्या बाजूने मी एवढं करते आहे. येत्या महिन्यापासून माझ्या प्रत्येक बिलावर उद्यम नोंदणीचा क्रमांक आणि पैसे मिळण्याची शेवटची तारीख असेल. ज्या कामाच्या मेलमध्ये पैशांची तारीख नाही, ते काम सुरू करण्याआधी मी ती विचारीन. कोणी चिडलं तरी विचारीन. माझ्या ओळखीच्या काही जणीही हेच करणार आहेत.

या पत्राखाली त्यांचीही नावं द्यायची असं ठरलं होतं. मसुदा सगळ्यांनी वाचला, दुरुस्त्याही सुचवल्या, पण नाव द्यायला बहुतेक जणी कचरल्या. एकीचे दोन बिलांचे पैसे अडकलेले आहेत, ते आधी मिळू देत म्हणाली. दुसरीला गेल्याच आठवड्यात मोठं काम मिळालं आहे. म्हणून मीही माझं नाव लिहीत नाही. माझ्या नावावरून तुम्ही त्यांची नावं ओळखाल.

तुमच्यापैकी कोणी बिलं वेळेवर देत असेल, आणि असे लोक आहेत, तर त्यांनी आपली पद्धत इतर प्रकाशकांना आणि स्टुडिओंना जरूर सांगावी. पैसे कसे फिरवता, आगाऊ किती देता, अकाउंट्सला काय सांगून ठेवलं आहे, सगळं. आम्ही सांगून जे पटत नाही ते तुमच्याच व्यवसायातल्या माणसाने सांगितलं तर पटेल.

आपली,
पुण्यातली एक भाषांतरकार